‘आमच्या व्यापाऱ्यांना अ‍ॅप जमत नाही’

प्रश्न: ताई, आमचं चाटी गल्लीत चादरी, टॉवेल, नॅपकिनचं होलसेल दुकान आहे, आजोबांपासूनचं. गिऱ्हाईक म्हणजे बार्शी, पंढरपूर, मंगळवेढा, अक्कलकोट, विजयपूर इथले छोटे दुकानदार. इंजिनिअरिंग करून मी दुकानात बसलो आणि एका कंपनीकडून ऑर्डरचं अ‍ॅप करून घेतलं. खर्च बराच झाला, पण कुणी वापरत नाही. सगळे अजून दिवाणजींना व्हॉइस मेसेज टाकतात, ‘मागच्या बारीला नेलं तेच धाडा, मोराची निळी जरा जास्त टाका.’ जे चार जण अ‍ॅप वापरतात त्यांच्या ऑर्डरी चुकतात. एकाला दहा डझन टॉवेल हवे होते, त्याने दहा नग मागवले. एकाची ऑर्डर दोनदा पडली. कंपनीवाले म्हणतात, सगळं मानसशास्त्राच्या नियमांनुसार बनवलंय, तुमचं गिऱ्हाईक टेक्निकल नाही, त्यांना ट्रेनिंग द्या. वडील म्हणतात, पैसे पाण्यात घातलेस. संक्रांतीपासून व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी घेणंच बंद करावं का, म्हणजे झक मारून सगळे अ‍ॅपवर येतील? कंपनीने ‘फक्त २ शिल्लक’ असं दाखवायचं आणि उलटं मोजणारं घड्याळ घालायचंही सुचवलंय. स्क्रीनशॉट आणि अक्कलकोटच्या एका दुकानदाराच्या फोनवरचं स्क्रीन रेकॉर्डिंग सोबत पाठवतोय.
— चाटी गल्लीतला एक, सोलापूर

उत्तर: व्हॉट्सअ‍ॅप बंद करू नकोस. हे सगळ्यात आधी सांगते, कारण ते केलंस तर खालचं वाचायची गरजच उरणार नाही. मंगळवेढ्याचा दुकानदार झक मारून अ‍ॅपवर येणार नाही, तो तुझ्या दुकानावरून पुढे जाऊन दुसऱ्याकडे माल सांगेल. चाटी गल्लीत होलसेलवाल्यांचा दुष्काळ नाही.

‘गिऱ्हाईक टेक्निकल नाही’ हे वाक्य मात्र माझ्या डोक्यात गेलं. हीच माणसं गल्ल्यावर बसून यूपीआयने पैसे घेतात, ट्रान्सपोर्टच्या पावतीचा फोटो काढून पाठवतात, पोरांच्या फीचे फॉर्म भरतात, तत्काळ तिकिटासाठी सकाळी फोनशी झुंजतात. आणि नेमकं तुझं अ‍ॅप उघडलं की अडाणी होतात?

हा आरोप जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ विमानांचे वैमानिक धावपट्टीवर उतरल्यावर पंखांचे फ्लॅप मिटवायला जायचे आणि चुकून चाकंच वर घ्यायचे. विमान पोटावर बसायचं. ठपका ठरलेला, वैमानिकाची चूक. आल्फॉन्स चापानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये जाऊन पाहिलं, तर दोन्हींचे खटके शेजारी शेजारी आणि दिसायला सारखेच. त्याने सुचवलं की चाकांच्या खटक्याला चाकाच्या आकाराची मूठ लावा आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीच्या आकाराची. आजही विमानात चाकांच्या दांड्याची मूठ चाकासारखीच असते. पुढे १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या ४६० चुकांच्या हकिकती तपासल्या. त्यांतही सगळ्यात जास्त हाच प्रकार निघाला, हलवायचा होता एक दांडा आणि हलवला भलताच. या वैमानिकांना ट्रेनिंग काही कमी मिळालेलं नव्हतं.

तेव्हा ट्रेनिंगचा विषय बाजूला ठेव आणि तुझं रेकॉर्डिंग पुन्हा बघू.

अ‍ॅप उघडतं. वर फिरतं बॅनर. त्याखाली चौकटी, आणि चौकटींवर ‘एसटी-४०५’, ‘एनके-१२’ असले कोड, सोबत इवलंसं चित्र. दुकानदाराचं बोट खाली जातं, वर येतं, पुन्हा खाली जातं. एक चौकट उघडतो, ती नसते, मागे येतो. मागे आल्यावर यादी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते! तिसऱ्यांदा तसं झाल्यावर तो अ‍ॅप बंद करतो. मी त्याच्या जागी असते तर पहिल्यांदाच केलं असतं.

एसटी-४०५ हे नाव तुझ्या गोडाऊनमधलं आहे. त्याच्या डोक्यात ती ‘मोराची निळी’ आहे. माणसाला समोर दिसलेली वस्तू ओळखणं सोपं जातं, नुसत्या डोक्यातून काढून आठवणं जड जातं. याकोब नील्सन आणि रॉल्फ मोलिख या अभ्यासकांनी १९९० मध्ये इंटरफेस, म्हणजे वापरणाऱ्यासमोरचे पडदे आणि बटणं, तपासण्याची सूत्रं मांडली आणि नील्सनने १९९४ मध्ये ती सुधारून दहा केली. वापरणाऱ्याला आठवायला लावू नका, ओळखू द्या, हे त्यातलंच एक. आता तो व्हॉइस मेसेज घे. ‘मागच्या बारीला नेलं तेच’ एवढ्या शब्दांत डिझाइन, नग, भाव, ट्रान्सपोर्ट, उधारीचे दिवस सगळं आलं, कारण आठवायचं काम दिवाणजी करतात. तुझ्या अ‍ॅपने दिवाणजींना बाजूला केलं आणि त्यांचं काम दुकानदाराच्या गळ्यात घातलं. वर त्याबद्दल त्याला काही सूट दिलीस म्हणावं तर तेही नाही.

म्हणून पहिला पडदा सगळा बदलून घे. अ‍ॅप उघडल्यावर त्या दुकानदाराला त्याचीच मागची ऑर्डर दिसू दे. ठळक फोटो, दुकानदार ज्या नावाने मागतात ते नाव, मागच्या वेळी नेलेला आकडा, त्याच्या दोन बाजूंना कमी-जास्त करायची बटणं आणि तळाशी ‘हेच पुन्हा पाठवा’. ज्याला नवा माल बघायचाय तो बघेल, पण रोजचं काम पहिल्या पडद्यावरच उरकलं पाहिजे. नावांसाठी दिवाणजींना चहा पाज आणि एक दुपार त्यांच्याशेजारी वही घेऊन बस. कुठल्या डिझाइनला कोण काय म्हणतं हे त्यांना तोंडपाठ असणार. शोधाच्या चौकटीत ‘चादर’ लिहिलं काय, ‘चद्दर’ लिहिलं काय किंवा इंग्रजी अक्षरांत लिहिलं काय, सापडलं पाहिजे. तिथे माइकचं बटणही ठेव, बोलायची सवय त्यांना आहेच.

आता कंपनीवाल्यांचे ‘मानसशास्त्राचे नियम’. स्क्रीनशॉटवर त्यांची टीप दिसतेय, मेनूत सातच गोष्टी ठेवल्या कारण माणसाला सातच लक्षात राहतात. हे ज्याच्या नावावर खपवतात त्या जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाचा लेख १९५६ चा. तो बोलतोय ते थोड्या वेळासाठी डोक्यात किती धरून ठेवता येतं याबद्दल. नंतर नेल्सन कोवनने २००१ मध्ये तो आकडा चारच्या आसपास आणला. पण मेनू डोळ्यांसमोरच असतो, तो पाठ कुठे करायचाय? सातच्या हट्टापायी त्यांनी टॉवेल आणि नॅपकिन ‘इतर’ नावाच्या खोक्यात कोंबलेत. सोलापूरच्या दुकानात टॉवेल ‘इतर’मध्ये! वडील चिडले यात नवल नाही.

हिकच्या नियमाचंही तेच. १९५२ मध्ये हिक आणि १९५३ मध्ये हायमन यांनी दाखवलं की पर्याय वाढले की निवडायला लागणारा वेळ वाढतो. खरं आहे. पण तो वेळ पर्यायांच्या पटीत वाढत नाही, हळूहळू वाढतो. आणि आपल्याला काय हवंय ते आधीच ठरलेलं असेल, यादीही ओळखीच्या क्रमाने लावलेली असेल, तर प्रश्न निवडीचा राहत नाही, सापडण्याचा होतो. तुझ्या दुकानदारांचं ठरलेलंच असतं. त्यांना पर्याय कमी नकोत, नीट लावलेले हवेत. चादरी एकीकडे, टॉवेल एकीकडे, मध्ये मोकळी जागा. जवळ ठेवलेल्या गोष्टी एका गटातल्या वाटतात हे जर्मनीतल्या गेस्टाल्ट पंथाच्या मानसशास्त्रज्ञांनी शंभर वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय, आणि रचलेल्या कापडाच्या दुकानात वाढलेल्या पोराला ते वेगळं शिकवायला नको.

दहा डझनांचं प्रकरण जास्त महत्त्वाचं आहे, त्यात पैसे आहेत. डिझाइनचा अभ्यासक डोनाल्ड नॉर्मन चुकांचे दोन प्रकार करतो. एकात करायचं बरोबर ठरलेलं असतं पण बोट घसरतं. दुसऱ्यात बोट बरोबर चालतं, समजूतच वेगळी असते. तुझा गिऱ्हाईक दुसऱ्यातला. टॉवेल डझनावर मोजायचा, हे त्याच्या हाडात भिनलंय. चौकटीवर नुसतं ‘संख्या’ लिहिलेलं, त्याने १० टाकले. त्याच्या हिशेबाने ऑर्डर बिनचूक होती. इथे ‘कृपया संख्या नीट तपासा’ असली लाल सूचना लावून काही होणार नाही, ती दुसऱ्या दिवसापासून कुणी वाचत नाही. चौकटीच्या आतच ‘डझन’ लिहून टाक, चादरीला ‘नग’, आणि आकडा टाकल्याबरोबर खाली दिसू दे, ‘१० डझन, म्हणजे १२० टॉवेल’, शेजारी रक्कम. रक्कम बघितली की व्यापाऱ्याला चूक लगेच कळते. त्याची नजर तिथे आयुष्यभर तयार झालेली असते.

दोनदा पडलेल्या ऑर्डरचं कारण तर रेकॉर्डिंगमध्ये सरळ दिसतंय. बटण दाबलं, काहीच हललं नाही, चारेक सेकंदांनी पडदा बदलला. मधल्या वेळात माणूस काय करणार? पुन्हा दाबणार. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात उत्तर आलं तर यंत्र लगेच ऐकतंय असं वाटतं, एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, दहा सेकंदांच्या पुढे माणूस दुसऱ्या कामाला लागतो. हे अंदाज १९६८ पासून वापरात आहेत आणि फोन कितीही वेगवान झाले तरी बदललेले नाहीत, कारण माणूस तोच आहे. नेट हळू असेल तर असू दे. दाबल्या दाबल्या बटणाचा रंग बदलावा, ‘पाठवतोय’ असं यावं आणि बटण दुसऱ्यांदा दाबताच येऊ नये. ऑर्डर दुकानात पोचली की व्हॉट्सअ‍ॅपसारख्या दोन टिका दाखव. त्या टिकांचा अर्थ तुझ्या गिऱ्हाइकांना आधीच माहीत आहे. लोकांचा बहुतेक वेळ दुसऱ्यांच्या अ‍ॅपवर जातो, त्यामुळे तुझं अ‍ॅपही तसंच चालेल अशी त्यांची अपेक्षा असते. नवीन काही करून दाखवायची खुमखुमी कंपनीला असेल, तुला परवडणारी नाही.

‘रद्द करा’ आणि ‘पक्की करा’ ही बटणं एकाच रंगाची, एकाच मापाची, एकमेकांना चिकटून आहेत. बी-१७ चे खटके पुन्हा. ज्या फिट्सचं नाव वर आलं, त्यानेच १९५४ मध्ये माणसांना हातात कांडी देऊन धातूच्या पट्ट्यांवर आळीपाळीने टेकवायला लावली आणि नियम काढला की लक्ष्य जितकं लांब आणि जितकं बारीक, तितका जास्त वेळ. फोनवर बटणाला साधारण ९ मिलिमीटरची जागा हवी, अँड्रॉइडच्या मार्गदर्शनातला ४८ डीपीचा (डीपी हे पडद्यावरचं माप) आकडा म्हणजे साधारण तेवढीच. ‘पक्की करा’ मोठं, तळाशी, अंगठा सहज पोचेल तिथे. ‘रद्द करा’ लांब, साध्या अक्षरांत. आणि पक्की केल्यावरही अर्धा तास ऑर्डर बदलता येऊ दे, कारण दिवाणजींना लोक फोन करून ‘ते राहू द्या, हे टाका’ सांगतातच ना?

नोंदणीच्या फॉर्मवर मी जरा जास्त वेळ थांबले. तू जीएसटी नंबर टाइप करायला लावतोस. पंधरा अक्षरं. आधी राज्याचे दोन आकडे, मग पॅनची पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर, मग पुन्हा आकडा, पुन्हा अक्षर आणि शेवटी एक आकडा किंवा अक्षर. फोनचा कीबोर्ड पाच-सहा वेळा अक्षरांवरून आकड्यांवर आणि आकड्यांवरून अक्षरांवर न्यायचा. आणि एवढं करून मध्ये एक स्पेस पडली किंवा अक्षर लहान लिपीतलं आलं की ‘अवैध इनपुट’ म्हणून सगळा फॉर्म कोरा! त्यात कंपनीने सुरुवातीला २७च असायला हवं अशी अट टाकलेली दिसते. २७ महाराष्ट्राचा. विजयपूरचा व्यापारी २९ने सुरू होणारा नंबर घेऊन दहा वेळा प्रयत्न करेल आणि दहाही वेळा अवैध ठरेल, कारण तो कर्नाटकात राहतो हाच त्याचा गुन्हा. अरे, हे सगळे नंबर तुझ्या बिलांच्या सॉफ्टवेअरमध्ये पडलेत. ते तूच भरून ठेव. दुकानदाराने मोबाइल नंबर टाकला की त्याच्या दुकानाचं नाव समोर यावं आणि त्याने फक्त ‘होय’ म्हणावं. नवीन गिऱ्हाईक असेल तर स्पेस काढणं, अक्षरं मोठी करणं ही कामं यंत्राची आहेत. चूक झालीच तर कुठलं अक्षर खटकतंय ते त्याच चौकटीखाली साध्या मराठीत सांग आणि बाकीचं भरलेलं तसंच राहू दे.

भाषेबद्दल तू काही विचारलं नाहीस, तरी सांगते. तुझ्या गिऱ्हाइकांत मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारे सगळे असणार. भाषा बदलायची सोय सेटिंग्जच्या पोटात आणि तीही इंग्रजीत लिहिलेली आहे, म्हणजे ज्याला तिची गरज आहे त्यालाच ती सापडणार नाही. पहिल्याच वेळी विचार, आणि कन्नडचं नाव कन्नड लिपीत, तेलुगूचं तेलुगू लिपीत लिही. मराठी पडद्यांवर ओळी इतक्या दाटीने लावल्यात की उकार आणि वेलांट्या कापल्या जातायत. फिकट राखाडी अक्षरं तर काढूनच टाक. दुकानाच्या दारात, उन्हाळ्याच्या दुपारी, चाळिशी लागलेल्या माणसाने ती वाचायची आहेत.

‘फक्त २ शिल्लक’ आणि घड्याळ, नको. असल्या फसव्या युक्त्यांना हॅरी ब्रिग्नल या डिझायनरने २०१० मध्ये डार्क पॅटर्न हे नाव दिलं आणि आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला त्यांचे १३ प्रकार नोंदवून त्यांवर बंदीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. खोटी घाई त्या यादीत आहे, न विचारता टोपलीत वस्तू घालणंही आहे. कंपनी तुला म्हणेल की पुन्हा विकायला माल घेणारा कायद्याच्या व्याख्येत ग्राहक नाही. ते बरोबर आहे. उद्या घरगुती गिऱ्हाइकाला अ‍ॅप उघडलंस की ते बरोबर राहणार नाही, हा एक भाग. दुसरं म्हणजे हे लोक तुझ्या गोडाऊनमध्ये येऊन गेलेत, थप्प्या डोळ्यांनी बघितल्यात. त्यांना दोनच उरल्यात असं सांगणार? वडिलांनी उधारीवर माल दिला तो या विश्वासावरच ना? शिल्लक खरी दाखवता येत असेल तर जरूर दाखव, दिवाळीच्या तोंडावर ती उपयोगाचीच असते.

हे सगळं मी रेकॉर्डिंग बघून सांगितलं, पण मी तुझी गिऱ्हाईक नाही. नवं काम सांगण्याआधी पाच दुकानदारांकडे स्वतः जा. नील्सन आणि लँडाउअर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या हिशेबाप्रमाणे एका माणसाला सरासरी ३१ टक्के अडचणी लागतात असं धरलं, तर पाच जणांत ८५ टक्क्यांच्या आसपास बाहेर येतात. सरासरीचा हिशेब आहे, वेदवाक्य नाही, म्हणून विजयपूरकडचे दोन-तीन वेगळे धर. दुकानात गर्दी नसते तेव्हा जा, वडिलांना सोबत नेऊ नकोस. ‘अ‍ॅप बघा आणि कसं वाटलं सांगा’ असं म्हणू नकोस, ‘भारी आहे की ओ’ म्हणतील, चहा पाजतील आणि तू खूश होऊन परत येशील. त्याऐवजी सांग, ‘टॉवेल संपलेत असं धरा, माझ्यासमोर मागवा.’ मग गप्प बस. तो चुकीचं बटण दाबायला लागला की तुझा हात शिवशिवेल, तो खिशात ठेव. बोट कुठे थांबतं, कुठे ‘हे काय आता’ म्हणतो, तेवढं लिहून घे. पाच जण एकाच जागी अडकले की कंपनीशी वाद घालायची गरज पडणार नाही, ते रेकॉर्डिंगच दाखव. कंपनीचा हप्ता राहिला असेल तर तो या दुरुस्त्यांनंतर द्यायचा असं लेखी ठरव. ट्रेनिंगसाठी काढलेले पैसे इकडे वळव.

दिवाणजींनाही यात घे. ते अ‍ॅपमुळे आपली गरज संपली असं समजून बसले असतील तर तुझं काम अवघड होईल. व्हॉइस मेसेज आले की तेच अ‍ॅपमध्ये नोंदवतील, दुकानदाराला टिका दिसतील, आणि एकदा त्याने उघडून बघितलं की मागची ऑर्डर समोरच असेल. त्यातले काही जण कधीच स्वतः बटण दाबणार नाहीत. न दाबोत. माल तर तुझ्याकडूनच जातोय.

ताजा कलम: वडिलांना पहिल्या पडद्यावर सिद्धरामेश्वरांचा फोटो हवाय आणि कंपनी नाही म्हणते, असं तू शेवटी ओझरतं लिहिलंयस. ठेव की. दुकानात असतो, अ‍ॅपवर का नको? फक्त वरच्या पट्टीत, दुकानाच्या नावाशेजारी, लहानसा ठेव. फिरत्या बॅनरमध्ये टाकू नकोस. वेबवर बॅनरसारखं जे दिसतं त्यावरून लोकांची नजर न थांबता पुढे जाते हे १९९८ पासून नोंदलेलं आहे, त्यामुळे वडिलांना तो दिसेल आणि बाकी कुणालाच दिसणार नाही. बॅनर तसाही काढच, मागच्या ऑर्डरला जागा लागेल.